आढे, वासा, रीप आणि परलिन: छप्पर बदलण्याआधी दरपत्रक कसे वाचावे

वाचकांचे प्रश्न

होळी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो आणि छपराविषयीची पत्रे वाढू लागतात. कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो, वळवाची सर तर मे महिन्यातच येऊन जाते, आणि छप्पर उघडे टाकायचे काम त्याआधी उरकावे लागते. यंदाच्या पत्रांत गळतीची तक्रार आहेच, पण त्याहून जास्त तक्रार हाती आलेले दरपत्रक वाचता येत नाही याची आहे. त्यामुळे या अंकातली उत्तरे शब्दांपासून सुरू केली आहेत.

प्रश्न: राजापूर तालुक्यात आमचे सुमारे साठ वर्षांपूर्वीचे दुपाखी घर आहे. भिंती जांभ्याच्या आणि छप्पर मंगलोरी कौलांचे आहे. गेल्या पावसाळ्यात माजघरात तीन ठिकाणी गळले. गावातल्या सुतारांनी वासे, रिपा आणि आढ्याची दुरुस्ती असा अंदाज लिहून दिला, तर शहरातल्या फॅब्रिकेटरने ट्रस, परलिन, टाइल प्रोफाइल शीट, रिज, फ्लॅशिंग आणि गटर अशी यादी दिली. दोघांच्या रकमांत मोठा फरक आहे. दोघे एकाच कामाबद्दल बोलत आहेत का, आणि छप्पर पूर्ण बदलणे खरोखर गरजेचे आहे का, हे कृपया सांगावे.
— एक वाचक, राजापूर

उत्तर: दोघे एकाच छपराबद्दल बोलत आहेत, पण एकाच कामाबद्दल नाही, आणि आपल्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे. लाकडी छपराचे सगळे शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मराठीत होते. लोखंडी छप्पर आले ते आपले इंग्रजी शब्द घेऊन आले. सुतार पहिली भाषा बोलतो, फॅब्रिकेटर दुसरी, आणि ज्याच्या डोक्यावर ते छप्पर राहणार आहे त्या घरमालकाला दोन्ही अर्धवट कळतात. म्हणून आपण आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरत जाऊ.

पाखी म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू; अशा दोन पाखी माथ्यावर जिथे मिळतात तिथले आडवे लाकूड म्हणजे आढे. फॅब्रिकेटर त्या रेषेला रिज म्हणतो. मात्र त्याच्या दरपत्रकात रिज असे लिहिलेले असते तेव्हा बहुतेक वेळा त्याला आढ्याचे लाकूड किंवा त्या जागी येणारा लोखंडी पाइप अभिप्रेत नसतो, तर दोन पाखींच्या माथ्यावर बसवायची पत्र्याची वाकवलेली पट्टी अभिप्रेत असते. सुतारांनी लिहिलेले आढे म्हणजे भार पेलणारा घटक, आणि याने लिहिलेली रिज म्हणजे नुसते झाकण. शब्द समान अर्थाचे वाटतात म्हणून या दोन ओळींची तुलना करू नका.

आढ्यापासून भिंतीकडे उतारावर जाणारी लाकडे म्हणजे वासे, आणि त्यांनाच राफ्टर म्हणतात. वाशांवर आडव्या ठोकलेल्या बारीक पट्ट्या म्हणजे रिपा, म्हणजेच बॅटन. मंगलोरी कौलाच्या मागच्या बाजूला वरच्या अंगाला जी दोन उंच टोके असतात ती रिपेच्या मागे अडकतात, त्यामुळे दोन रिपांमधले अंतर कौलाच्या लांबीवर ठरते. ते साधारण साडेबारा इंचांच्या आसपास येते. तरीही पुस्तकातला आकडा न घेता जी कौले प्रत्यक्ष वापरायची आहेत त्यांतली दहा-बारा जमिनीवर एकात एक बसवून अंतर मोजावे, कारण दोन कारखान्यांची कौले सारखी नसतात आणि जुन्या कौलांत नवी मिसळली की हा फरक हमखास त्रास देतो.

परलिन हा शब्द मात्र वेगळा आहे. दोन-तीन मोठ्या कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे किंवा ट्रस, उभ्या करून त्यांवर आडवे टाकलेले लोखंडी पाइप म्हणजे परलिन. त्यावर थेट पत्रा स्क्रूने धरतात आणि मध्ये रीप येत नाही. तेव्हा ज्या दरपत्रकात परलिन आहे पण रिपांचा उल्लेखच नाही, ते दरपत्रक कौलांचे नसून पत्र्याचे आहे असे समजावे. आपल्या फॅब्रिकेटरने लिहिलेली टाइल प्रोफाइल शीट म्हणजे मातीचे कौल नव्हे. कौलाचा आकार दाबून उठवलेला तो रंगीत पत्रा असतो. लांबून तो कौलांसारखा दिसतो, आणि केवळ टाइल या शब्दावर विसंबून लोक त्याला होकार देतात. ही वस्तू वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण आपण काय विकत घेत आहोत ते सही करण्याआधी आपल्याला माहीत असले पाहिजे.

या दोन छपरांतला खरा फरक वजनाचा आहे. एका मंगलोरी कौलाचे वजन साधारण अडीच ते तीन किलो असते आणि एका चौरस मीटरला सुमारे पंधरा कौले लागतात, म्हणजे चौरस मीटरला चाळीस किलोंच्या आसपास भार येतो, आणि कौले भिजली की तो वाढतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा त्याच क्षेत्रफळाला चार-पाच किलो भरतो. कौले मुख्यतः आपल्या वजनाने जागेवर बसतात, तर पत्र्याला धरून ठेवायला स्क्रूशिवाय काहीही नसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोलीकडे कौलेही उडाली आणि पत्रेही उडाले. पण उडालेले कौल पडते तिथे फुटते, आणि सुटलेला पत्रा दुसऱ्याच्या अंगणात जाऊन आदळतो. वाऱ्याची उचल सर्वांत जास्त कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी लागते, म्हणून पत्रा घ्यायचाच असेल तर त्या जागी स्क्रू दाट हवेत आणि कैच्या भिंतीत नुसत्या टेकवलेल्या नसून बोल्टने बांधलेल्या हव्यात, हे दरपत्रकात लिहून घ्यावे.

उताराबद्दलही विचारावे. वळचणीचे पाणी आढ्याला चढत नाही, असे आपण बोलताना म्हणतो. पण उतार कमी असेल तर पश्चिमेचा वारा ते काही इंच नक्की चढवतो, आणि गळायला तेवढे पुरते. मंगलोरी कौलांना साधारण तीस अंशांचा उतार मानवतो. पत्र्याला बराच कमी उतार चालतो, म्हणून काही ठेकेदार साहित्य वाचवण्यासाठी आढे खाली आणतात. आज पत्रा घालून उद्या पुन्हा कौले घालावीत असा आपला विचार असेल, तर कमी केलेल्या उतारावर ते जमणार नाही.

वळचण म्हणजे भिंतीच्या बाहेर आलेली छपराची कड, आणि पागोळ्या पडतात ती जागा. जांभ्याच्या भिंतींना ही कड दोन फुटांहून कमी करू देऊ नये. गटर म्हणजे आपली पन्हळ. फ्लॅशिंगला मात्र सर्वत्र चालेल असा मराठी शब्द माझ्या कानावर नाही. छप्पर जिथे उभ्या भिंतीला भिडते तो सांधा झाकणारी ती पत्र्याची पट्टी असते. तिची वरची कड भिंतीत खोबण कापून आत घातलेली असावी. नुसती भिंतीला चिकटवून सिलिकॉन ओढलेली फ्लॅशिंग दोन उन्हाळ्यांत सुटते आणि पाणी तिच्या मागून उतरते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. तीन ठिकाणी गळणे हे छप्पर बदलण्याचे कारण नाही, ते छप्पर तपासण्याचे कारण आहे. छप्पर म्हणजे कौले असे आपण समजतो, पण कौलाखालचे लाकूड आधी थकते. या सदराच्या निमित्ताने मी जी घरे पाहिली त्यांत बहुतेक वेळा कौले धडधाकट होती, आणि वाशाचे खालचे टोक, जिथे तो भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडावर टेकतो, तिथे आतून पोकळ झाले होते. हे तपासणे अवघड नाही. दोन-तीन कौले काढा आणि जाड स्क्रूड्रायव्हर वाशाच्या टोकात दाबून पाहा. चांगल्या ऐन-किंजळाच्या लाकडात तो रुतत नाही. पाव इंचाहून जास्त सहज शिरला, किंवा मुठीने वाजवल्यावर भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज आला, तर वाळवीने किंवा ओलीने लाकूड खाल्ले आहे. हे प्रत्येक वाशाला करावे आणि वाईट वाशावर खडूने फुली मारत जावी. पाचातला एक वासा वाईट निघाला तर तेवढे वासे बदलावेत. अर्ध्याहून जास्त वाशांवर फुल्या पडल्या तर मात्र पूर्ण छप्पर उतरवण्याचा विचार करणे योग्य ठरेल.

कौलांची परीक्षा वेगळी आहे. कौल हातात उभे धरून बोटाच्या पेराने वाजवावे. चांगले भाजलेले कौल खणखणीत वाजते आणि चीर गेलेले कौल बद्द वाजते. मग ते चार वीटतुकड्यांवर आडवे ठेवून वरच्या खोलगट भागात पाणी ओतावे आणि काही तासांनी खाली पाहावे. खालची बाजू थोडी दमट झाली तर चालते, पण थेंब धरून गळू लागली तर ते कौल बाद करावे. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि पुढे त्या किनाऱ्यावर अनेक कारखाने उभे राहिले. आपले कौल उलटे केले तर पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले दिसेल. साठ वर्षांची अशी कौले पुष्कळदा आजच्या मालापेक्षा चांगली भाजलेली असतात. शेवाळ ब्रशने घासून, धुऊन ती पुन्हा चढवता येतात. ती भंगाराच्या भावात ठेकेदाराला देऊन टाकू नका, आणि जुनी कौले कोणाची, हेही दरपत्रकात लिहून घ्या.

प्रश्न: आमचे घर बाहेरून मोजले तर २४ फूट बाय ३० फूट, म्हणजे ७२० चौरस फूट भरते. कौलांच्या कामासाठी आलेल्या दरपत्रकात मात्र ११ ब्रास असे लिहिले आहे. वाळूच्या गाडीचे ब्रास आम्हाला माहीत आहे, पण छपराचे ब्रास म्हणजे काय? ठेकेदार आम्हाला फसवत आहे का?
— एक वाचक, कणकवली

उत्तर: बहुधा फसवत नाही, आणि हिशेब आपल्यालाच करून पाहता येईल. ब्रास हे माप आपल्याकडे दोन अर्थांनी वापरतात. वाळू, खडी, दगड यांच्या बाबतीत एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि छपरासारख्या क्षेत्रफळाच्या कामात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. म्हणजे ठेकेदाराने आपले छप्पर ११०० चौरस फूट धरले आहे.

घराचे क्षेत्रफळ आणि छपराचे क्षेत्रफळ कधीच एक नसते. चारही बाजूंना दोन-दोन फूट वळचण धरली तर २४ फुटांचे २८ होतात आणि ३० चे ३४. जमिनीवर पडणारी छपराची सावली त्यामुळे ९५२ चौरस फूट झाली. आता उतार घ्या. अर्धी रुंदी १४ फूट आहे. तीस अंशांच्या उतारावर वाशाची तिरपी लांबी साधारण १६ फूट २ इंच येते आणि आढे वळचणीपेक्षा जवळपास आठ फूट उंच जाते. १६ फूट २ इंच गुणिले ३४ गुणिले दोन पाखी केले की ११०० चौरस फूट भरतात. ठेकेदाराचा आकडा बरोबर आहे. आपण स्वतः टेप लावून आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंतची तिरपी लांबी मोजावी. ही एक लांबी मिळाली की कोणताही ठेकेदार आपल्याला क्षेत्रफळात चकवू शकत नाही.

या छपराला चौरस मीटरला पंधरा या हिशेबाने दीड हजारांच्या थोडी वर कौले लागतील. फुटतूट म्हणून शंभरात पाच जास्त घ्यावीत आणि उरलेली पडवीत रचून ठेवावीत, कारण पाच वर्षांनी त्याच आकाराची कौले बाजारात मिळतीलच असे नाही.

पत्र्याच्या कामात मात्र याच ठिकाणी एक खाच असते, आणि ती ब्रासच्या शब्दात दिसत नाही. एक पत्रा दुसऱ्यावर चढवावा लागतो, त्यामुळे समजा पत्रा १०७० मिलिमीटर रुंद असेल तर तो प्रत्यक्षात हजारभर मिलिमीटरच झाकतो. दर झाकलेल्या क्षेत्रफळावर आहे की आणलेल्या पत्र्याच्या क्षेत्रफळावर, हा प्रश्न विचारला नाही तर ११०० चौरस फुटांचे बिल पावणेबाराशेच्या घरात जाते. दोन्ही पद्धती चालतात, पण कोणती ते आधी ठरलेले असावे. हा चढाव आडव्या बाजूला पत्र्याच्या दीड ते दोन नळ्यांचा, म्हणजे लाटांचा, आणि उतारावर किमान सहा इंचांचा हवा. आणखी एक गोष्ट बहुतेक दरपत्रकांत नसते, ती म्हणजे चढावाचे तोंड पावसाच्या वाऱ्याकडे पाठ करून असावे. कोकणात वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा त्या बाजूने पाणी आत ढकलले जाणार नाही अशा क्रमाने पत्रे घातले पाहिजेत.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते. आमच्या घराचे छप्पर बदलायचे आहे. ठेकेदाराच्या कागदावर २२ स्क्वेअर, ६/१२ पिच, टेअर-ऑफ, डेकिंग, अंडरलेमेंट, ड्रिप एज असे शब्द आहेत. भारतात वडिलांच्या घरी कौले शाकारताना पाहिली होती, पण त्या अनुभवाचा येथे उपयोग होत नाही असे वाटते.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: उपयोग होतो, आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त होतो. तिकडचा एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट, आणि ते आपले ब्रासच आहे. ६/१२ पिच म्हणजे आडव्या बारा इंचांना सहा इंच चढ, म्हणजे सुमारे साडेसव्वीस अंश, आणि आपल्या कौलांच्या उतारापेक्षा हे थोडेसेच कमी आहे.

फरक आहे तो थरांचा. आपल्या कौलारू छपरात कौल हेच पाण्याला अडवणारे सर्व काही असते आणि खालून आकाशाचा उजेड दिसला तरी चालते. तिकडे वाशांवर फळ्यांचा किंवा प्लायवुडसारख्या तक्त्यांचा सलग थर असतो, ते डेकिंग. त्यावर पाणी अडवणारे कागदासारखे आवरण, ते अंडरलेमेंट. सर्वांत वर डांबरी शिंगल, म्हणजे कौलांसारखे एकावर एक चढवलेले डांबरी तुकडे. कडेला पाणी मागे फिरून लाकडात शिरू नये म्हणून बसवलेली पत्र्याची पट्टी म्हणजे ड्रिप एज. आपल्याकडे हेच काम वळचणीला पुढे काढलेली कौलांची शेवटची ओळ करते.

टेअर-ऑफ म्हणजे जुने शिंगल पूर्ण उपसून काढणे. जुन्यावरच नवा थर चढवणे स्वस्त पडते, पण तसे केले तर खालचे डेकिंग कुजले आहे की नाही हे कोणालाच दिसत नाही, म्हणून आपल्या कागदावर टेअर-ऑफ आहे ही चांगली गोष्ट आहे. आपण एकच बारकावा पाहावा. उपसल्यानंतर कुजके तक्ते निघाले तर ते बदलण्याचा दर प्रत्येक तक्त्यामागे किती, हे आधीच लिहिलेले असावे. छप्पर उघडे पडलेले असताना भाव ठरवण्याची वेळ आली तर घरमालकाच्या हाती काही उरत नाही. थंडीच्या प्रदेशात वळचणीपाशी बर्फ गोठून पाणी मागे साचते, म्हणून तिथे चिकट जलरोधक पट्टा वेगळा घालतात. तो अंडरलेमेंटमध्ये धरलेला आहे की निराळा, हेही विचारावे.

प्रश्न: पत्रा घेताना दुकानदार २४ गेज, २६ गेज म्हणतात, ठेकेदार ०.५० टी.सी.टी. म्हणतो, आणि तिसरा कोणी जी.एस.एम. विचारायला सांगतो. यांतले नेमके काय पाहावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर: गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे आधी लक्षात ठेवावे, कारण २६ म्हणजे २४ पेक्षा जाड असे समजून जास्त पैसे दिलेले लोक मला भेटले आहेत. गेज सोडून सरळ मिलिमीटरमध्ये जाडी विचारावी.

पण मिलिमीटरमध्येही दोन जाड्या आहेत. टी.सी.टी. म्हणजे लोखंड, त्यावरचा धातूचा मुलामा आणि रंग हे सगळे धरून झालेली एकूण जाडी. बी.एम.टी. म्हणजे मुलामा आणि रंग वगळून उरणारी निव्वळ पोलादाची जाडी. ०.५० टी.सी.टी.च्या रंगीत पत्र्यात पोलाद साधारण ०.४५ च्या आसपास असते. पत्र्याची ताकद पोलादात असते, त्यामुळे दोन दरपत्रकांपैकी एकात टी.सी.टी. आणि दुसऱ्यात बी.एम.टी. लिहिलेले असेल तर समान दिसणारे आकडे समान नसतात. दुकानात मायक्रोमीटर मागून कडेला स्वतः मोजून पाहण्यात संकोच करू नये.

जी.एस.एम. हा आकडा मुलाम्याचा आहे. एका चौरस मीटर पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम जस्त, किंवा जस्त आणि ॲल्युमिनियमचे मिश्रण चढवले आहे, हे तो सांगतो. गंजाशी लढतो तो हा मुलामा. रंग मुख्यतः त्याला झाकतो. साध्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्त असते. गॅल्व्हॅल्युम म्हणून जो पत्रा मिळतो त्याच्या मुलाम्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतांश जस्त आणि थोडे सिलिकॉन असते, आणि तो उघड्या हवेत सहसा जास्त टिकतो. मात्र त्याला ओले सिमेंट सोसत नाही. गवंड्याने भिंतीचा सांधा भरताना मसाला पत्र्यावर सांडला आणि तो तसाच वाळला, की तिथला मुलामा खाल्ला जातो.

कापण्याबद्दल सांगतो, कारण हे मी माझ्या आजोळच्या घरी पाहिले आहे. कारागिराने चढवलेल्या पत्र्यावरच ग्राइंडर चालवून कड कापली. निळ्या पत्र्यावर उडालेल्या ठिणग्या त्या वेळी धुळीसारख्या दिसल्या, कोणी झाडल्या नाहीत, आणि पहिल्याच पावसानंतर त्या प्रत्येक ठिणगीच्या जागी मोहरीएवढा तांबूस डाग उमटला. लोखंडाचे ते तापलेले कण रंगात रुतून बसतात आणि तिथून गंज सुरू होतो. पत्रा खाली जमिनीवर, कातरीने किंवा निबलरने कापावा आणि चढवल्यावर छप्पर स्वच्छ झाडून घ्यावे, ही अट कारागिराला पहिल्याच दिवशी सांगावी.

स्क्रू पत्र्याच्या नळीच्या उंच भागावर मारावेत, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. स्क्रूखालचा रबरी वॉशर नुसता दबलेला असावा. बाजूंनी फुगून बाहेर आलेला वॉशर जास्त आवळलेला असतो आणि तो उन्हात लवकर तडकतो.

प्रश्न: आमच्या गोठ्यावर आणि मागच्या खोलीवर तीस वर्षांपूर्वीचे सिमेंटचे पत्रे आहेत. ते काढून नवे घालायचे आहेत. मजूर म्हणतात, हातोड्याने फोडून लवकर खाली येतील.
— एक वाचक, निफाड

उत्तर: कृपया फोडू देऊ नका. त्या काळचे सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. पत्रा अखंड असताना त्यातले तंतू सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. तो फोडला, करवतीने कापला किंवा कोरडा घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जातात. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसात कर्करोग निर्माण करतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटले आहे, आणि हा आजार अनेक दशकांनी उद्भवतो, म्हणून आज काम करणाऱ्या मजुराला त्याचा काहीच अंदाज येत नाही.

आधी पत्रे पाण्याने भिजवावेत. एखाद्या बोल्टची नट गंजली असेल तर बोल्ट कापावा, पत्रा ओढू नये. अखंड पत्रे दोरीने खाली सोडावेत. साधा कापडी रुमाल तंतू अडवत नाही, म्हणून काम करणाऱ्यांना बारीक कण गाळणारे मास्क द्यावेत, मुले आणि गुरे त्या दिवशी दुसरीकडे न्यावीत, आणि कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधावेत आणि त्यांची विल्हेवाट कुठे लावायची हे स्थानिक प्रशासनाला विचारावे. ते रस्त्याच्या खड्ड्यात किंवा शेताच्या बांधावर भराव म्हणून टाकू नयेत. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊन चालूही नये. तो इशारा न देता तुटतो आणि माणूस थेट खाली येतो, म्हणून आडव्या फळ्या टाकून त्यांवरूनच वावरावे. नवे पत्रे सिमेंटचेच हवे असतील तर ॲस्बेस्टॉसविरहित प्रकार मागून घ्यावेत.

प्रश्न: आमच्या बंगल्याचा स्लॅब गळतो. एक जण कोबा करा म्हणतो, दुसरा वरून पत्र्याची शेड टाका म्हणतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर: आपल्याकडे स्लॅबवर विटांचे तुकडे मसाल्यात बसवून उतार काढतात आणि वर सिमेंटचा गुळगुळीत थर देतात, त्याला कोबा म्हणतात. गच्चीचा कठडा आणि तळ जिथे मिळतात तिथला गोलाई दिलेला कोपरा म्हणजे वाटा. बहुतेक गच्च्या कोब्याच्या मध्यावर नाही, या वाट्यापाशी आणि पाणी जाणाऱ्या पाइपच्या तोंडापाशी गळतात. त्या दोन जागा आधी उकरून पाहाव्यात. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवल्याने स्लॅबवर भार वाढतो, म्हणून तसे करायचे असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीयरला दाखवावे.

शेडने पाऊस अडतो आणि वरची खोली उन्हाळ्यात थंडही राहते. मात्र ती बांधकामच असल्याने ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची परवानगी आधी घ्यावी, आणि शेडचे खांब गळक्या स्लॅबला भोके पाडून बसवले जाणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. खांबाच्या तळपट्टीचे बोल्ट स्लॅबमध्ये गेले की तिथून नवी गळती सुरू होते. ते कठड्याखालच्या बीमवर घेता येतात का, हे ठेकेदाराला विचारावे.

प्रश्न: ठेकेदार दहा वर्षांची हमी देतो म्हणतो. ती कशाची समजावी?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: हा प्रश्न त्यालाच लेखी विचारावा, कारण हमी या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. पत्र्याचा रंग उडणार नाही किंवा मुलामा गंजणार नाही ही मालाची हमी असते आणि ती उत्पादक देतो. ती पुष्कळदा समुद्रापासूनच्या अंतरासारख्या अटींवर असते, म्हणून चिपळूणसारख्या खाडीकाठच्या गावात ती लागू होते का ते कागदावर पाहावे. छप्पर गळणार नाही ही कामाची हमी असते आणि ती फक्त ठेकेदार देऊ शकतो. पत्रा शाबूत असून सांध्यातून पाणी आले तर उत्पादकाची हमी उपयोगी पडत नाही.

कामाच्या हमीत किती पावसाळे, गळती कळवल्यावर किती दिवसांत येणार, आणि येण्याचा खर्च कोणाचा, या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. एकूण रकमेचा काही भाग, दहा टक्के म्हणा, पहिला पावसाळा पार पडेपर्यंत मागे ठेवण्याचे आधी ठरवून घेता आले तर उत्तम. चांगले ठेकेदार याला नाही म्हणत नाहीत. मोठे उत्पादक पत्र्याच्या मागच्या बाजूला आपले नाव आणि जाडी छापतात. माल उतरल्यावर, चढवण्याआधी, त्या छापाचे छायाचित्र काढून बिलासोबत ठेवावे, आणि बिलावरचे वर्णन छापाशी जुळते का ते त्याच दिवशी पाहावे. पत्रे चढल्यावर आणि खालून छत लावल्यावर तो छाप पुन्हा दिसत नाही.